तक्ता, चार आठवडे आणि समोर बसलेले कुटुंब

पुण्याच्या बुधवार पेठेतील अप्पा बळवंत चौकाची ओळख शिक्षकांना करून देण्याची गरज नाही. शाळा सुरू होण्याच्या सुमारास पाठ्यपुस्तके, मार्गदर्शके, प्रयोगवह्या आणि भिंतीवर टांगायचे तक्ते घेण्यासाठी गावोगावचे शिक्षक येथे येतात. आनुवंशिकतेवरचे तक्ते ठरावीक असतात. एकावर मेंडेलचे वाटाणे, दुसऱ्यावर एक्स आणि वाय गुणसूत्रे, तिसऱ्यावर दोन वाहक आईवडील आणि त्यांच्याखाली चार मुले : एक निरोगी, दोन वाहक, एक रोगी. वर्गात हा तक्ता उपयोगी पडतो यात शंका नाही. पण तक्त्याला शाळेबाहेर आणखी एक जागा आहे, आणि ती कायद्याने दिलेली आहे.

गर्भलिंगनिदानाचा गैरवापर थांबवण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ साली देशातील पहिला कायदा केला. पुढे १९९४ साली केंद्राचा कायदा झाला, तो १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला आणि २००३ साली त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. या कायद्यात ‘आनुवंशिक समुपदेशन केंद्र’ अशी एक स्वतंत्र संज्ञा आहे. असे केंद्र काढायचे तर नियमांनुसार पुरेशी जागा हवी, शैक्षणिक तक्ते, प्रतिकृती वा साधने हवीत आणि माणूस हवा. हा माणूस एक तर वैद्यकीय आनुवंशशास्त्रज्ञ असावा, किंवा सहा महिन्यांचा अनुभव अथवा चार आठवड्यांचे प्रशिक्षण असलेला स्त्रीरोगतज्ज्ञ वा बालरोगतज्ज्ञ असावा.

लिंगनिवडीला आळा घालणे हा या कायद्याचा हेतू आहे, समुपदेशकाचा अभ्यासक्रम आखणे हा नाही, हे आम्हाला मान्य आहे. तरीही एखाद्या कुटुंबाला आनुवंशिक आजाराविषयी सांगायला किती शिकावे लागते, याचे एक माप त्यातून आपल्या व्यवस्थेत रूढ झाले : तक्ता आणि चार आठवडे. हे माप अपुरे आहे असे आमचे मत आहे. ते अपुरे का, हे पाहण्यासाठी तक्त्यापासूनच सुरुवात करू.

चार चौकटींत न मावणारे

तक्त्यावर चार मुले काढलेली असतात व त्यांतले एक आजारी असते. पाहणाऱ्याचा समज होतो की चार मुलांत एक आजारी निघणार. ज्या जोडप्याचे पहिलेच मूल आजारी आहे, ते यावरून पुढचा हिशेब करते : एक झाले, आता पुढची तीन ठीक. प्रत्यक्षात प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी आजाराची शक्यता नव्याने एक चतुर्थांशच असते. आधी काय घडले याची नोंद निसर्ग ठेवत नाही.

आईवडील दोघेही सिकलसेलचे वाहक आहेत आणि प्रत्येकाला चार मुले आहेत, अशी २५६ कुटुंबे कल्पनेने घेऊ. संभाव्यतेच्या हिशेबाने त्यांतील ८१ कुटुंबांत एकही मूल आजारी नसेल. १०८ कुटुंबांत एक, ५४ कुटुंबांत दोन आणि १२ कुटुंबांत तीन मुले आजारी असतील. एका कुटुंबात चारही मुले आजारी असतील. तक्त्यावर दाखवल्याप्रमाणे हुबेहूब एक निरोगी, दोन वाहक व एक रोगी अशी मुले तर २५६ पैकी केवळ ४८ घरांतच सापडतील. म्हणजे पाचांपैकी चार घरांना तक्त्यात स्वतःचे चित्र दिसणार नाही. तक्ता खोटा नाही. तो शक्यता दाखवतो आणि आपण त्यात कुटुंब पाहतो.

पुढचा प्रश्न थोडा अवघड आहे. एका मुलाला सिकलसेलचा आजार आहे, त्याची बहीण निरोगी आहे. ती वाहक असण्याची शक्यता किती? वर्गात बहुतेक हात ‘निम्मी’ म्हणून वर होतात. पण ती आजारी नाही हे आपल्याला आधीच ठाऊक आहे. चारांपैकी एक चौकट त्यामुळे बाद झाली. उरलेल्या तिनांत दोन वाहकांच्या, म्हणून शक्यता दोन तृतीयांश. सिकलसेलच्या बाबतीत रक्ततपासणी करून ही शंका मिटवता येते. प्रत्येक आजारात इतकी सोपी तपासणी नसते. शिवाय जनुकांचा क्रम वाचणाऱ्या नव्या तपासण्यांच्या अहवालात अनेकदा असा बदल नोंदवलेला असतो की ज्याचा अर्थ अजून निश्चित झालेला नाही. तक्त्यावरची चौकट पांढरी असते किंवा काळी. अशा अहवालासाठी तिच्यात रंगच नाही.

आकडा अचूक कळला तरी काम संपत नाही. ‘चारांत एकदा आजारी’ आणि ‘चारांत तीनदा आजार नाही’ ही एकच गोष्ट आहे, पण ऐकणाऱ्याच्या मनावर दोन्हींचा परिणाम सारखा होत नाही. सांधेदुखीच्या कळांनी तळमळणाऱ्या मुलाला रात्र रात्र मांडीवर घेतलेल्या आईला पंचवीस टक्के फार वाटतात. मूल होण्याची आठ वर्षे वाट पाहिलेल्या जोडप्याला तेच पंचवीस टक्के थोडे वाटतात. दोघांचेही चूक नाही. दोन्ही बाजूंनी आकडा सांगायचा, मग थांबायचे आणि समोरच्याने काय ऐकले ते त्याच्याच तोंडून ऐकून घ्यायचे, हे शिकावे लागते. ते व्याख्यानातून येत नाही.

मावसभाऊ की चुलतभाऊ?

समुपदेशकाचे पहिले साधन म्हणजे वंशावळ. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री. आजारी व्यक्ती भरीव दाखवायची. किमान तीन पिढ्या काढायच्या. याचे प्रशिक्षण बहुधा इंग्रजी पुस्तकांतून होते, आणि इंग्रजीत सगळ्या भावंडांना एकच शब्द आहे : ‘कझिन’. तो कोणत्या बाजूचा हे दरवेळी वेगळे विचारावे लागते. मराठीत निम्मी वंशावळ नात्याच्या नावातच असते.

उदाहरणादाखल हिमोफिलिया घेऊ. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते, त्यामुळे आजार प्रामुख्याने मुलग्यांत दिसतो आणि आईकडून येतो. गर्भवती स्त्री सांगते, ‘माझ्या भावाला हिमोफिलिया आहे.’ कोणता भाऊ? तिचे आईवडील एकमेकांच्या नात्यातले नाहीत आणि वडील निरोगी आहेत असे धरू. चुलतभाऊ असेल तर तो आजार चुलतीकडून आला. या स्त्रीशी त्याचा संबंध नाही. आतेभाऊ असेल तर आत्या वाहक आहे, पण वडील निरोगी असल्याने ते जनुक त्यांच्यात आलेले नाही. मामेभाऊ असेल तर मामाने मुलाला वाय गुणसूत्र दिले, आजार मामीकडचा. राहिला मावसभाऊ. मावशी वाहक असेल तर आजी वाहक असू शकते, मग आई आणि मग ही स्त्रीसुद्धा. चार प्रकारच्या भावांपैकी एकाच्याच बाबतीत पुढील तपासणीची गरज निर्माण होते, आणि तो कोण हे मराठी मुलगी एका शब्दात सांगते. आजारी सख्खा भाऊ आणि मामा यांचे महत्त्व अर्थातच याहून मोठे.

यात एक गुंता आहे. महाराष्ट्रातील अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. इरावती कर्वे यांनी ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या १९५३ सालच्या ग्रंथात भारतातील नातेव्यवस्थांची प्रदेशवार मांडणी केली, तीत या चालीचाही विचार आहे. अशा घरात एकच व्यक्ती दोन नात्यांनी जोडलेली असते आणि वरचा सोपा हिशेब कोलमडतो. सख्ख्या मामे-आते भावंडांच्या मुलात, एखाद्या जागेवरची दोन्ही जनुके एकाच पूर्वजाकडून आलेली असण्याची शक्यता सोळांत एक असते. मामा-भाचीच्या लग्नात ती आठांत एक. समुपदेशकाला हे गणित यायला हवे, आणि ते सांगताना घराण्याच्या रीतीला नावे न ठेवण्याचे भानही हवे.

भाषेचा मुद्दा कायद्यातही आहे. गर्भजलासारख्या तपासणीपूर्वी स्त्रीची लेखी संमती तिला समजणाऱ्या भाषेत घ्यावी, असे १९९४ चा कायदा सांगतो. नंदुरबारच्या पाड्यावर ती भाषा भिली किंवा पावरी असेल, भामरागडला माडिया. इंग्रजीतून शिकलेला आणि प्रमाण मराठीतून बोलणारा समुपदेशक तेथेही अर्धाच पोचतो.

कार्डावरचा एक शब्द

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सुमारे सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, अशी त्याची उद्दिष्टे जाहीर झाली. तपासलेल्या व्यक्तीला कार्ड मिळते. त्यावर ती निरोगी, वाहक की रुग्ण हे नोंदलेले असते, आणि लग्न ठरवताना ही कार्डे पाहावीत अशी अपेक्षा असते. महाराष्ट्रात गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट आणि विदर्भाचा मोठा भाग यांच्याशी हा विषय थेट जोडलेला आहे.

तपासणीला आमचा विरोध नाही. ती व्हायलाच हवी. वाहक म्हणजे काय, हे मात्र कार्ड समजावून सांगू शकत नाही. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की सिकल हिमोग्लोबिन तयार होते. दोन्ही जनुके तशी असतील तर आजार होतो. एकच असेल तर ती व्यक्ती वाहक. ती सामान्यतः धडधाकट असते आणि तिला हिवतापाच्या गंभीर स्वरूपापासून काही संरक्षणही मिळते. हिवतापाच्या प्रदेशांत हे जनुक टिकून राहिले ते यामुळेच. पण ‘वाहक’ हा शब्द कानाला कसा लागतो? रोग वाहून आणणारा, पसरवणारा. ज्याला काही झालेले नाही त्याच्या हाती आपण हा शब्द छापून देतो.

याचा अनुभव जगाने घेतलेला आहे. ग्रीसमधील ऑर्कोमेनोस या गावात १९७० च्या सुमारास गावकऱ्यांची सिकलसेलसाठी तपासणी झाली आणि वाहकांना सल्ला देण्यात आला. पुढे पाहणी केली तेव्हा आढळले की वाहकांना कमी लेखले जात होते, काहींनी लग्न जमवताना आपली स्थिती लपवली, आणि वाहक-वाहक लग्ने कमी झाली नव्हती. तपासणी अचूक होती, पण तिच्याबरोबर गावाशी करायचे बोलणे कमी पडले. आपल्याकडे लग्नाच्या बाजारात अशा कार्डाचे ओझे मुलावर पडेल की मुलीवर, हे वेगळे सांगायला नको. आजार अमुक जमातीचा आहे अशी बोली रूढ झाली, तर ते ओझे साऱ्या जमातीवर पडते.

हा शब्द कोठून आला

आनुवंशिकतेच्या नावाखाली माणसांची प्रतवारी करण्याचा इतिहास जुना आहे. फ्रान्सिस गाल्टनने १८८३ साली ‘युजेनिक्स’ म्हणजे सुप्रजननाची संज्ञा घडवली. पुढील साठ वर्षांत तिच्या आधारे अमेरिकेत सक्तीच्या नसबंदीचे कायदे झाले आणि जर्मनीत त्याचा शेवट हत्याकांडात झाला. मराठी वाचकाला या इतिहासातले एक नाव जवळचे वाटेल. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या आणि ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेटचे काम केले. फिशर हे वंशश्रेष्ठत्व मानणाऱ्यांचे अग्रणी होते. कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंतील फरक वंशाशी जोडलेला आहे का, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. इरावतीबाईंनी मोजमापे घेतली आणि वंशानुसार तसा फरक आढळत नाही, असा निष्कर्ष मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध लिहिला.

‘जेनेटिक काउन्सेलिंग’ ही संज्ञा १९४७ साली मिनेसोटातील शेल्डन रीड यांनी रूढ केली, ती सुप्रजननाच्या भाषेपासून अंतर ठेवण्यासाठी. कुटुंबाला माहिती द्यावी, निर्णय त्यांचा त्यांनी घ्यावा, हा तिचा गाभा. त्यासाठी स्वतंत्र शिक्षण हवे हे लक्षात यायला आणखी वीस वर्षे लागली. न्यूयॉर्कजवळच्या सारा लॉरेन्स महाविद्यालयात मेलिसा रिक्टर यांनी १९६९ साली पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. आजही अशा अभ्यासक्रमाचा साचा साधारण तोच आहे : दोन वर्षे, आनुवंशशास्त्र, संभाव्यता, मानसशास्त्र, मुलाखतीचे तंत्र, नीती आणि कायदा, आणि अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली कितीतरी कुटुंबांबरोबर प्रत्यक्ष काम. या शेवटच्या भागाला पर्याय नाही. वाईट बातमी सांगितल्यावर खोलीत पसरलेली शांतता सहन करायला विद्यार्थी शिकतो तो तेथेच.

आमचे आक्षेप आणि अपेक्षा

भारतात आज परिस्थिती अगदीच ओसाड नाही. लखनौची संजय गांधी संस्था आणि दिल्लीची एम्स यांसारख्या ठिकाणी डॉक्टरांसाठी वैद्यकीय आनुवंशशास्त्राचे उच्च शिक्षण आहे. डॉक्टर नसलेल्यांसाठी मणिपालसारख्या ठिकाणी समुपदेशनाची एम.एस्सी. आहे. ‘बोर्ड ऑफ जेनेटिक काउन्सेलिंग’ ही संस्था प्रमाणपत्रही देते. तरी तीन आक्षेप उरतात.

पहिला, मापाचा. चार आठवडे शिकलेला डॉक्टर वाईट असतो असे आम्ही म्हणत नाही. अनेक डॉक्टर मायेने आणि नेमके बोलतात. पण बाह्यरुग्ण विभागात रांग दाराबाहेर गेलेली असताना त्याच्याकडे दहा मिनिटे असतात आणि हे काम तासाचे आहे. म्हणून ते करणारा वेगळा, पूर्ण शिकलेला माणूस हवा आणि त्याला जिल्हा रुग्णालयात पगारी जागा हवी. आज या पदवीधरांना ओढणारी मोठी जागा म्हणजे तपासणी विकणाऱ्या खासगी प्रयोगशाळा. तपासणी करू नका असे सांगण्याची वेळ आली, तर तपासणी विकणाऱ्याच्या पगारावर असलेल्या माणसाने ते कसे सांगावे?

दुसरा आक्षेप आयात केलेल्या शिकवणुकीवर. समुपदेशकाने स्वतःचे मत देऊ नये, हे पाश्चात्य तत्त्व सुप्रजननाच्या अनुभवातून आले आहे आणि ते मोलाचे आहे. पण आपल्याकडे खोलीत जोडपे एकटे येत नाही. सासू येते, मोठा दीर येतो आणि ‘तुम्हीच सांगा, साहेब’ असे म्हणतो. येथे नुसते गप्प बसणे म्हणजे निर्णय दिराच्या हाती देणे होय. सुनेशी वेगळे बोलायचे कसे, सासूला न दुखवता बाहेर बसवायचे कसे, ‘दोष कोणाच्या घराण्याचा’ या प्रश्नाला उत्तर काय द्यायचे, हे आपल्या अभ्यासक्रमात आपणच लिहायला हवे.

तिसरा आक्षेप भाषेचा, तो वर आलाच आहे. महाराष्ट्रात असा अभ्यासक्रम चालवायचा तर त्यातील सरावाच्या मुलाखती मराठीत आणि शक्य तेथे आदिवासी बोलींत व्हाव्यात. नंदुरबार आणि गडचिरोलीच्या विज्ञान पदवीधरांना त्यात राखून ठेवलेल्या जागा असाव्यात. पावरी बोलणाऱ्या मुलीला आनुवंशशास्त्र दोन वर्षांत शिकवता येईल. आनुवंशशास्त्रज्ञाला पावरी घरात बसून बोलायला शिकवणे याहून अवघड आहे.

वर्गात काय करता येईल

२०१७ साली आलेल्या नववीच्या विज्ञान पुस्तकात आनुवंशिकतेचा पाठ आहे. त्यात डाऊन संलक्षण, टर्नर, क्लाइनफेल्टर आणि सिकलसेल यांची माहिती येते. म्हणजे आनुवंशिक आजाराबद्दल बहुतेक मुलांशी पहिल्यांदा बोलतो तो शिक्षकच. तेव्हा तक्ता टांगल्यावर पुढील तीन गोष्टी कराव्यात असे आम्ही सुचवतो.

एक, नाणी उडवा. प्रत्येक विद्यार्थ्याने दोन नाणी एकदम, अशी चार वेळा उडवावीत. दोन्ही छापा आले तर ते मूल आजारी, असे धरून आपापल्या ‘कुटुंबा’तील आजारी मुले मोजावीत व फळ्यावर मांडावीत. चाळीस जणांच्या वर्गात सुमारे बारा-तेरा कुटुंबांत एकही मूल आजारी निघणार नाही आणि आठ-नऊ कुटुंबांत दोन निघतील. तक्त्याचा गैरसमज एका तासात दूर होतो.

दोन, वरचे चार भावांचे उदाहरण बारावीच्या विद्यार्थ्यांना वंशावळ काढून सोडवायला द्या. मात्र वंशावळ कल्पित कुटुंबाची असावी. वर्गात कोणालाही स्वतःच्या घरच्या आजाराविषयी सर्वांसमोर विचारू नये. एखादा विद्यार्थी वाहक किंवा रुग्ण असू शकतो आणि त्याने ते कोणाला सांगायचे हे त्याचे त्याने ठरवायचे आहे.

तीन, ‘सदोष’, ‘विकृत’ हे शब्द माणसाला लावू नयेत. बदल जनुकात असतो. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवावे.

जीवशास्त्र आवडणाऱ्या आणि माणसांशी बोलायला आवडणाऱ्या विद्यार्थ्याला डॉक्टरकी आणि प्रयोगशाळा याखेरीज हाही एक रस्ता आहे, हे शिक्षकांनी अवश्य सांगावे. विज्ञानाची पदवी, त्यानंतर दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण, असा तो साधारण आहे. त्यासाठी गणित सोडू नये, संभाव्यतेचा पाया पक्का करावा आणि आपली बोली विसरू नये. सात कोटी कार्डे वाटायची आहेत. ती वाचून दाखवणारी माणसे तयार करण्याचे काम त्याच वेगाने व्हायला हवे, आणि त्या कामाची सुरुवात नववीच्या वर्गातही करता येते.